जंत पडला, तरी पोरगी पांढरीफटकच: झाडीपट्टीतलं एक प्रकरण

आठ वर्षांची, तिसरीत शिकणारी मुलगी. वजन १८ किलो. गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं. घरी आईबाबा, आजी आणि तीन वर्षांचा भाऊ. थोडीशी धानाची शेती, बाकी सगळी मजुरी. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

तक्रार घरच्यांची नव्हतीच. शाळेतल्या बाईंनी आशाताईंना सांगितलं की ही मुलगी खोखोत एक फेरी झाली की खांबाला टेकून बसते, दुपारनंतर वर्गात मान टाकते आणि भिंतीचा पोपडा खरवडून खाते. सप्टेंबरात आशाताई तिला आणि आजीला घेऊन आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. आजी जरा रागातच होती.

"हिचा जंत त उन्हाळ्यातच पडला, मॅडम. म्या सोता पायला, येवढा लांब. मंग आता काहून आनलं इथं?"

वैशाखात मुलीचं बेंबीभोवती पोट दुखत होतं. आजीने पळसपापडी उगाळून गुळातून दिली आणि दुसऱ्या दिवशी वीतभर लांबीचा पांढुरका जंत पडला. दुखणं थांबलं, घराने प्रकरण मिटलं असं धरलं. पुढे ती माती खायला लागली तेव्हा सवय वाईट म्हणून तिला मारही बसला.

आजीने सांगितलेलं सगळं खरं आहे. पडला तो गोल जंत. त्याची पूर्ण वाढलेली मादी २० ते ३५ सेंटिमीटर लांब असते, त्यामुळे तो दिसतो, घर घाबरतं आणि उपायही होतो. पळसाच्या बिया जंतांवर देण्याची रीत जुनी आहे. पण त्यांचं माप घरोघरी वेगळं असतं, आणि एक पडला म्हणून आतले सगळे गेले असं मानता येत नाही. माझ्यासाठी खरा प्रश्न निराळा होता. गोल जंत आतड्यातल्या अन्नावर जगतो. तो मुलाची वाढ खुंटवतो, पोट दुखवतो, संख्येने फार झाला तर आतडं तुंबवतो. पण तो रक्त पीत नाही. समोर बसलेल्या मुलीचे तळहात मात्र कागदासारखे पांढरे होते. तिचं रक्त जात होतं, आणि ते नेणारं काहीतरी आत अजून होतं.

तपासणीत काय दिसलं

खालची पापणी, जीभ, तळहात, सगळं फिकट. नखं सपाट, दोन बोटांची तर मधोमध खोलगट. नाडी मिनिटाला ११२. हृदयावर रक्त पातळ झाल्यावर येतो तसा फुरफुरता आवाज, पण पायावर सूज नाही, दम लागून बोलणं तुटत नाही, यकृत वाढलेलं नाही. प्लीहा हाताला लागली नाही. डोळे पिवळे नाहीत, हातापायाचे सांधे कधी दुखले-सुजले नाहीत. लघवी लाल झाल्याचं आठवत नाही.

मग मी तिचे पाय मांडीवर घेतले. सावकाश करावी अशी तपासणी हीच, आणि गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी राहून जाते तीही हीच. अंगठ्याच्या बेचक्यात आणि तळव्याच्या कडेला खाजवून पडलेले जुने डाग होते. आईला नंतर विचारलं तर ती म्हणाली, "चिखल्या झाल्या होत्या रोवणीच्या वक्ती." चिखल्याच असतील कदाचित, सतत ओल्या पायाला त्या होतातच. पण अंकुशकृमीची, म्हणजे हुकवर्मची, अळी जिथून कातडीत शिरते तिथेही काही दिवस अशीच खाज सुटते आणि बारीक लाल पुळ्या येतात. नुसत्या डागांवरून दोन्हींत फरक करता येत नाही. अनवाणी पाय, माती खाणं आणि एवढा फिकटपणा एकत्र आला की शंका घ्यायला तेवढं पुरेसं असतं.

घाईने शिक्का मारू नये म्हणून

पूर्व विदर्भात पांढरं पडलेलं मूल समोर आलं की तीन गोष्टी मनात ठेवाव्याच लागतात: सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार), मलेरिया आणि जंत. त्यातली एक सापडली म्हणून बाकी दोन सोडून देता येत नाहीत, आणि या मुलीच्या बाबतीत नेमका तोच धोका उभा राहिला.

हिमोग्लोबिन निघालं ६.४ ग्रॅम. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात ते ११.५ च्या वर असावं आणि ८ च्या खाली गेलं की तो तीव्र रक्तक्षय. मलेरियाची चाचणी आणि रक्ताची काच, दोन्हींत काही नाही. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी मात्र पॉझिटिव्ह आली. आजीने कपाळावर हात मारला. तिच्या माहेरी एक भाचा या आजारात गेला होता.

सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते. मूल रुग्ण आहे की नुसतं वाहक, ते ती सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, करावी लागते. नमुना पाठवला. अहवाल आला ‘एएस’, म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात सहसा काही कमतरता नसते, तो निरोगी आयुष्य जगतो. पुढे लग्न ठरवताना जोडीदाराची तपासणी मात्र झालीच पाहिजे, कारण दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल सिकलसेलचं रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. ६.४ चं कारण हे नव्हतं. कार्डावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ लिहून फाइल बंद झाली असती, तर ही मुलगी पुढची काही वर्षं चुकीच्या नावाखाली रक्त गमावत राहिली असती.

रक्ताच्या काचेवर लाल पेशी लहान आणि फिक्या होत्या, म्हणजे लोहाची कमतरता. पांढऱ्या पेशींतल्या इओसिनोफिल १४ टक्के. हे प्रमाण वाढलं की अॅलर्जी किंवा जंत यांचा विचार करायचा.

शौचाच्या तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ‘टेस्ट निल आली, जंत नाहीत’ हे वाक्य मला वारंवार ऐकायला मिळतं. अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने पाहावेत. डबी कोरडी, रुंद तोंडाची हवी आणि तिच्यात लघवी मिसळता कामा नये. अंकुशकृमीसाठी नमुना ताजाच पाहावा लागतो. आपल्याकडच्या उष्म्यात डबी दिवसभर पडून राहिली तर अंड्यातून अळी बाहेर येते आणि ओळखण्यात घोळ होतो. या मुलीच्या पहिल्या नमुन्यात काहीच नव्हतं. दुसऱ्यात पातळ कवचाची, आत काही पेशी दिसणारी अंडी सापडली. तिसऱ्यात तीच, जास्त संख्येने. डोळ्यांना न दिसणारं रक्तही शौचात होतं.

न दिसणारा जंत

अंकुशकृमी जेमतेम १ सेंटिमीटर लांबीचा. लहान आतड्याच्या अस्तराला तोंडाने घट्ट धरून तो रक्त पितो. शौचातून वळवळत पडत नाही, गुदद्वारापाशी खाज आणत नाही, म्हणून घरात कुणालाच कळत नाही. आजीने पाहिला तो जंत गेला. जो रक्त पीत होता तो कुणी कधी पाहिलाच नव्हता.

त्याच्या एका जातीचा एकेक जंत रोज साधारण ०.०३ मिलिलीटर रक्त नेतो, दुसरीचा त्याच्या पाचसहापट. आकडा क्षुल्लक वाटतो. पण कमी पिणाऱ्या जातीचे शंभर जंत धरले तरी दिवसाला ३ मिलिलीटर होतात, महिन्याला ९०. अठरा किलोच्या मुलीच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं सुमारे १३५० मिलिलीटर. म्हणजे महिन्याला पंधरावा हिस्सा. एक मिलिलीटर निरोगी रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. सकाळी काळा चहा, दुपारी-रात्री भात, वरणाचं पाणी आणि मिळाली तर भाजी, एवढ्यावर वाढणाऱ्या मुलीने हे लोह भरून काढायचं कशातून? शरीर निमूटपणे कमी रक्तावर भागवायला शिकतं, आणि मूल आळशी ठरतं. माती खाणंसुद्धा अशा मुलांत बहुतेकदा लोह संपल्याचं लक्षण असतं. त्या लेकराला मारू नये हे मी आजीला दोनदा सांगितलं.

याच बोलण्यात आजीने बाकीच्या समजुतीही काढल्या. झोपेत दात खाते म्हणजे जंत, गालावर पांढरे चट्टे म्हणजे जंत, गोड खाल्लं की जंत. दात खाण्याचा जंतांशी पक्का संबंध नाही. गालावरचे ते चट्टे बहुतेक कोरड्या त्वचेचे असतात. गुळातून जंत होत नाहीत. जंत होतात ते कुणाच्या तरी शौचातल्या अंड्यांपासून. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून मूल रडत उठत असेल तर मात्र सूतकृमीचा विचार करावा. ते दोऱ्यासारखे बारीक असतात, साध्या शौचतपासणीत बरेचदा सापडत नाहीत, आणि त्यांच्यासाठी घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध देऊन दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं.

उपचार

हिमोग्लोबिन ८ च्या खाली असल्याने मुलीला उपजिल्हा रुग्णालयात पाठवलं. हृदयावर ताण आल्याची लक्षणं नव्हती, त्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी रक्त चढवलं नाही. दाखल करून निरीक्षणाखाली लोह सुरू केलं, वजनाच्या दर किलोला रोज ३ मिलिग्रॅम. जंतांसाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून.

तीन वर्षांच्या भावाच्या शौचात गोल जंतांची अंडी सापडली. त्यालाही तीच मात्रा, गोळी कुटून पाण्यातून. एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, २०० मिलिग्रॅम. लहान मुलाचं नाक दाबून अख्खी गोळी घशात कधीही टाकू नये. ती श्वासनलिकेत अडकू शकते. आईचं हिमोग्लोबिनही कमीच होतं. ती गरोदर नाही याची खात्री करून मग तिला गोळी दिली, कारण पहिल्या तीन महिन्यांत अल्बेंडाझोल टाळतात.

गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, विशेषतः जंत खूप असतील तर; ती दिवसाभरात जाते. पण ज्या मुलाचं पोट टम्म फुगलं आहे, हिरवी उलटी होते, वारा आणि शौच थांबलंय, त्याला घरी जंताचं औषध देत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. गोल जंतांच्या गुंत्याने आतडं बंद झालेलं असू शकतं. फिट येणाऱ्या मुलालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी नको. मेंदूत टेपवर्मच्या गाठी असतील तर औषधाने सूज वाढू शकते.

लोहाचं औषध तीन महिने रोज पोटात जाणं हे सगळ्यात अवघड काम. आठवड्यातच आजीने बाटली फडताळात ठेवून दिली, कारण शौच काळी झाली. ती होणारच, शरीराने न घेतलेलं लोह तसंच बाहेर पडतं. चहा बंद करता आला नाही, पण औषधाच्या आगेमागे दोन तास चहा नको एवढं ठरलं. सोबत लिंबू, पुढे आवळ्याचा हंगाम आला तेव्हा आवळा. बाटली भावाच्या हाताला लागणार नाही अशी उंच ठेवायला सांगितली. गोड लागतं म्हणून लहान मुलाने ते जास्त प्यायलं तर जिवावर बेततं.

घरामागची सांदवाडी

घर पाहिल्याशिवाय हे प्रकरण समजलं नसतं. संडास आहे, अनुदानातून बांधलेला, भिंती चांगल्या. आत सरपण आणि कोंबड्यांचं टोपलं. मोठी माणसं बोडीकडे, म्हणजे लहान तळ्याकडे, जातात, मुलं घरामागच्या सांदवाडीत, वेळूच्या बेटाखाली. भावाची शौच राखेवर घेऊन तिथेच टाकतात. लहान लेकराच्या शौचाने काय होतं, असा समज. मुलगी दिवसभर त्याच सावलीत अनवाणी खेळते.

अंकुशकृमीला हवी असते ती जागा अगदी अशीच: ओलसर, उबदार, सावलीची, भुसभुशीत माती. अंड्यातून एकदोन दिवसांत अळी निघते, पाचदहा दिवसांत ती कातडी भेदण्याच्या तयारीची होते आणि चांगल्या ओलीत काही आठवडे जगते. म्हणूनच नुसतं ‘हात धुवा’ म्हणून भागत नाही. हात धुणं, नखं कापणं, भाजी धुणं याने गोल जंत अडतो, कारण त्याची अंडी तोंडावाटे जातात. अंकुशकृमी मुख्यतः तळव्यातून शिरतो. त्याच्यापुढे साबणाचा फारसा उपयोग नाही. तिथे चप्पल आणि संडास हवा.

संडास का वापरत नाही हे मी बाबांना विचारलं. आळस हे कारण नव्हतं. हातपंप लांब, पाणी आईनेच आणायचं, आणि संडासला बादलीभर पाणी लागतं असा हिशेब त्यांनी धरलेला. ग्रामीण संडासाचं भांडं तीव्र उताराचं असतं, दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. ते त्यांच्यासमोर तांब्याने ओतून दाखवलं. मुलीला आतल्या अंधाराची भीती वाटते हे तिच्याकडूनच कळलं, मग दिवा लागला. भावाची शौच संडासातच ओतायची हे आजीने स्वतःकडे घेतलं. वेळूखालचा पाला काढून ऊन येऊ दिलं. उन्हात सुकलेल्या मातीत अंकुशकृमीच्या अळ्या तगत नाहीत. गोल जंताची अंडी मात्र मातीत वर्षानुवर्षं टिकतात, त्यामुळे ती जागा मुलांसाठी बंदच केली.

चपलेचं गणित सोपं नाही. रबरी चप्पल चिखलात रुतून राहते, पट्टा तुटतो, मूल पुन्हा अनवाणी. बाबांनी बाजारातून मागे पट्टा असलेले प्लास्टिकचे सँडल आणले. ते टिकले.

गोळीचा दिवस आणि कामाचा दिवस

राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून आहे. १ ते १९ वर्षांच्या प्रत्येक मुलाला अंगणवाडीत नाहीतर शाळेत गोळी, वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये. मग ही मुलगी सुटली कशी?

फेब्रुवारीत ती गावात नव्हती. धान निघालं की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, मुलांना घेऊनच. ऑगस्टमध्ये ती गावात होती, पण धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. आई बांधीत (धानाच्या शेतात), आजी पऱ्ह्याच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या काढायला, आणि ही भावाला सांभाळत घरी. राहिलेल्या मुलांसाठी काही दिवसांनी पुन्हा गोळी देतात, तेव्हाही रोवणी संपली नव्हती. शाळेच्या नोंदीत ती दोन्ही वेळा ‘गैरहजर’. कुणीही गोळी नाकारली नव्हती. गोळीचे दोन्ही दिवस आणि कामाचे दोन्ही हंगाम एकमेकांवर पडले होते, आणि ज्या मुलांना औषधाची गरज सर्वांत जास्त, तीच त्यात सलग गळत होती.

मला या प्रकरणातली ही बाब सगळ्यात जास्त टोचते. हजर मुलांची टक्केवारी छान दिसते, आणि गैरहजर राहतात ती मजुरांची, अनवाणी पायांची मुलं. गोळी आतड्यातले जंत मारते, मातीतल्या अंड्यांना हात लावत नाही, आणि तिचा परिणाम साठून राहत नाही. जागा तीच राहिली तर काही महिन्यांत लागण पुन्हा होते. म्हणून एक खेप चुकणं परवडत नाही, इथे तर दोन्ही चुकत होत्या.

आशाताईंनी आता वेगळी वही केली आहे. तीत मिरचीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांची नावं आहेत. होळीनंतर घरं परतायला लागली की दारात जाऊन गोळी, समोर चावून घ्यायची. ऑगस्टमध्ये शाळेची वेळ गाठता आली नाही तर संध्याकाळी, बायका बांधीतून परतल्यावर. औषध केंद्रात असतंच, त्यासाठी दिनाची वाट पाहायची गरज नाही. बाई शाळेतल्या गैरहजर मुलांची यादी त्याच दिवशी आशाताईंकडे देतात.

पुढे

तीन आठवड्यांनी शौच पुन्हा तपासली तेव्हा थोडी अंडी शिल्लक होती. अल्बेंडाझोलची दुसरी मात्रा दिली. माती खाणं त्याआधीच सुटलं होतं, लोह सुरू झाल्यावर पंधरवड्यातच. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन ८.७, डिसेंबरात ११.६. वजन २० किलो. शौच स्वच्छ. शरीरातला लोहाचा साठा भरायला अजून दोन-तीन महिने औषध चालू राहील.

आईबाबा आणि भावाचीही सिकलसेल तपासणी पाठवली. आई वाहक निघाली, बाबा नाहीत, भावाचा अहवाल यायचा आहे.

जानेवारीत कुटुंब पुन्हा तेलंगणात जाणार आहे. लोहाची बाटली आणि कार्डाची प्रत सोबत बांधून दिली आहे. आजी यंदा गावातच राहते म्हणाली, त्यामुळे मुलीला तिच्याजवळ ठेवायचं का यावर घरात बोलणं चालू आहे. ठेवलं, तर फेब्रुवारीची गोळी तिला शाळेतच मिळेल. नेलं, तर आशाताईंच्या वहीत तिचं नाव पहिलं आहे.